पुस्तकातला वाघ

रविवार, २ मे २०१०
तिकिटं सहाशे. पॉपकॉर्न दोनशे वीस. थ्रीडीचा चष्मा संस्कृतीने मोडला, शंभर. नातीचा पहिला मोठा सिनेमा आजोबाने दाखवला, तिच्या आयटीवाल्या बापाने, आमच्या रविराजने, नाही, त्यात सगळं वसूल. महागात पडेल असं एकच वाक्य बोललो, पण ते चांगल्या कारणासाठी.
शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी गोष्टीवरचा नवा सिनेमा. भिंतीवरच्या घड्याळात वाघ राहतो. शेवटी मरतो. संस्कृतीने भोकाड पसरलं. आधी इंटरव्हलला समोशाच्या रांगेत मागच्या बाई म्हणाल्या होत्या, पुस्तकात शेवट असा नाहीये. माझे कान तिखट. मार्केट यार्डात चाळीस वर्षं मिरचीचा धंदा कानांवरच केला. पोरीला म्हटलं, रडू नको, पुस्तकात वाघ जगतो, मी लहानपणीच वाचलंय. गप्प झाली. पुढच्या खुर्च्यांवरचे दोघे आदराने वळून बघत होते.

सोमवार, ३ मे
संस्कृतीने सोसायटीभर सांगितलं. रविवारी तिचा वाढदिवस, मैत्रिणींना मी पुस्तकातून शेवट वाचून दाखवायचाय. कबूल केलं. मैनाने विचारलं, अहो, कुठे वाचलंत? म्हटलं, गावी. हो का, म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

बुधवार, ५ मे
अप्पा बळवंत चौकात मराठी भाषांतर मिळालं. रोज शंभर पानं. शुक्रवारी संपवणार.

शुक्रवार, ७ मे, दुपारी
पान अकरा. यार्डात आवक फार. पोतं घेताना आम्ही तळाचा माल आधी बघतो, म्हणून शेवट उघडला. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. पुस्तकात असं नाही. सिनेमात वाघ झोपल्यासारखा जातो. पुस्तकात तीन पानं तडफडतो.

शनिवार, ८ मे
वाचताना बदलायचं ठरवलं. वाघ उठतो, पाणी पितो, घरी जातो. मुलांना काय कळतंय.

रविवार, ९ मे
सात मुली. वाघ उठला, पाणी प्यायला. टाळ्या पडल्या. संस्कृतीने वाजवल्या नाहीत. केक कापून झाल्यावर कानाशी येऊन म्हणाली, आबा, मी काल तुमच्या उशाखालचं पुस्तक वाचलं. मैत्रिणींना नाही सांगत. तुमच्या लहानपणी वेगळं असेल ना?
म्हटलं, हो. तिच्याकडे बघवलं नाही. मैना केकच्या बश्या उचलत होती. तिने सगळं ऐकलं. काही बोलली असती तर बरं झालं असतं.
माझ्या लहानपणी आमच्या घरात पुस्तकच नव्हतं. पहिलं आलं ते रविराज पहिलीत गेला तेव्हा.