रविवारी उसवलेला बूट

४ मार्च

प्रिय ताईस, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. गुडघे कुरकुरतात म्हणतेस, तर जिने कमी चढ. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या लेकीचं लग्न ठरलंय. तिचा डावा पाय आखूड, लहानपणापासून काठी सोबतीला. लग्नात मात्र तिला काठीशिवाय वेदीपर्यंत चालायचंय. बूट मी करतोय, डाव्याला जाड तळ. लग्न पुढच्या रविवारी, उपासनेनंतर. नवऱ्याला तेवढीच सुटी. म्हणजे शनिवारी काम हातावेगळं करायलाच हवं. रविवारी मी हत्याराला हात लावत नाही, तुला ठाऊकच आहे. मला वर जाब द्यायचाय.

लोभ आहेच, तो जरा ढिल्या हाताने असू द्यावा.

तुझा धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

ठाऊक नसायला काय झालं? लहानपणी रविवारी नाडी सुटली तर बांधायची नाही म्हणून तू दिवसभर बूट फरफटत चालायचास, आणि आई हसून हसून बेजार व्हायची. पण आता मला तुझी काळजी वाटते. तू देवाला मुकादम समजतोस. अरे, ख्रिस्ताने आपल्याला सोडवलं ते घरची लेकरं म्हणून, हजेरीवरचे गडी म्हणून नाही. रविवार पाळ, जरूर पाळ, पण धाकाने नको. आणि वेळेवर जेवत जा.

माया आहेच, उत्तर लवकर आलं तर आणखी वाढेल.

ताई

२२ मार्च

प्रिय ताईस, सलाम.

टपली पोचली, आणि लागलीही. शनिवारी दुकान वेळेत बंद व्हावं म्हणून मी इतका घायकुतीला आलो होतो की जाड तळ उजव्या बुटाला बसवला आणि पोरीला घालून न बघताच बूट पाठवून दिले. रविवारी सकाळी तिने पाय घातले आणि पडता पडता वाचली. ऑर्गनवाल्या बाई बूट घेऊन माझ्या दारात. माझा नेम त्यांनाही माहीत. त्या म्हणाल्या, राहू द्या, काठी आहेच. एवढंच बोलल्या, ताई.

मी दुकानाचं कुलूप काढलं. आधी वाटलं, आता वरून काहीतरी कोसळणार. काहीच कोसळलं नाही. तळ उसवता उसवता मी चक्क गुणगुणायला लागलो. इतकी वर्षं त्याच्यासाठी काम बंद ठेवलं, पण तो शेजारी बसलाय असं वाटलं ते त्या सकाळी, हातात आरी असताना. उपासना चुकली, लग्न गाठलं. पोर ताठ मानेने वेदीपर्यंत चालत गेली आणि तिची काठी मांडीवर घेऊन मी मागच्या बाकावर लहान पोरासारखा रडलो. फार आनंद झाला गं.

आज पुन्हा रविवार. दुकान बंद आहे. हवं तर उघडता येईल हे कळलंय, म्हणून बंद ठेवायला पहिल्यांदाच मजा वाटली. सकाळी चर्चला जाताना वाटेत नाडी सुटली. पायरीवर बसलो आणि झकास गाठ मारली. आई असायला हवी होती.

तुझ्या गुडघ्यांसाठी मऊ तळाचे बूट करायला घेतोय. माप द्यायला ये, वार कुठलाही चालेल.

तुझा धाकटा