सहाशे मीटरपर्यंत

४ मार्च, पहाटे ५.२०
आजपासून रोजनिशी. मोठे खेळाडू लिहितात म्हणे. पुढेमागे कोणी आत्मचरित्र मागितलं तर ऐनवेळी धावपळ नको.

काल आंतरमहाविद्यालयीन आठशे मीटरमध्ये पहिला नंबर. एक मिनिट एक्कावन्न सेकंद. फायनलला आठ जण होते. त्यातले दोघे आलेच नाहीत, एकाचं पोट बिघडलं होतं आणि एक पहिल्याच वळणावर पडला. पण पहिला तो पहिला.

संकल्प: यापुढे प्रोफेशनल. साखर पूर्ण बंद. नऊला झोप.

टाच दुखतेय. आठ तास झोपूनही थकल्यासारखं वाटतंय. जिंकण्याचा थकवा वेगळाच असतो.

४ मार्च, दुपारी
आईनं केक आणला. तिचं मन मोडवेना. साखर उद्यापासून.

७ मार्च
ताई आणि भाऊजी जेवायला. भाऊजींचं टाइल्सचं गोदाम आहे. तिथल्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी झालीय, एक तारखेपासून बस म्हणाले. ट्रकमध्ये किती खोकी चढली ते मोजून गेटपासशी जुळवायचं. दिवसभर, बसून.

मी शांतपणे सांगितलं की मी प्रोफेशनल होतोय. भाऊजींनी विचारलं, धावायचा पगार देतं कोण? मी म्हटलं, जगात देतात. ते म्हणाले, मग जगाचा फोन नंबर दे, मी बोलून घेतो. ताई खो-खो हसली. सख्खी बहीण!

शेवटी ठरलं. महिनाअखेरपर्यंत मला धावण्याचं काम मिळालं तर खुर्ची दुसऱ्याला. नाही मिळालं तर एक तारखेला नऊ वाजता गोदामात हजर. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. चोवीस दिवस आहेत. घोडामैदान जवळच आहे.

१० मार्च
सहा स्पर्धांच्या आयोजकांना आणि दोन बुटांच्या कंपन्यांना मेल. एका कंपनीचं उत्तर दोन मिनिटांत आलं: आपला मेल मिळाला. इतक्या तत्परतेनं उत्तर म्हणजे रस दिसतोय.

११ मार्च
मशीन पाठवतं ते उत्तर, असं ताई म्हणाली. ताईला फार कळतं.

१३ मार्च
कोच सरांकडे गेलो. तीस वर्षं कॉलेजच्या मैदानावर उभे आहेत, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. म्हणाले, अरे बाबा, कॉलेजात पहिला येणारा दरवर्षी एक निघतो. त्यातले पैसे घेऊन धावणारे तीस वर्षांत मी दोन पाहिले. एक मिनिट एक्कावन्नला बाहेर कोणी दारात उभं करत नाही.

सर मनानं चांगले. दृष्टी मात्र कॉलेजच्या कंपाउंडपर्यंत. तरी जाताना म्हणाले, एक जुना विद्यार्थी धावपटूंचा एजंट झालाय, त्याच्या कानावर घालतो.

आज धावलो नाही. टाच.

१६ मार्च, सकाळी ११.००
एजंटचा फोन! २७ तारखेची मोठी स्पर्धा, सगळे प्रोफेशनल, आठशे मीटर, आणि त्यात मी!

दुपारी
काम काय ते नीट समजून घेतलं. त्याला पेसर म्हणतात. चॅम्पियनला रेकॉर्ड करायचंय, म्हणून त्याच्या पुढे ठरलेल्या वेगानं एकानं धावायचं. पहिली फेरी एक्कावन्न सेकंदांत, सहाशे मीटर एक सतरामध्ये, आणि तिथे मुकाट्यानं ट्रॅक सोडून आत गवतावर जायचं. उरलेले दोनशे बाकीच्यांनी धावायचे. प्रवास, हॉटेल, मानधन त्यांचं. एजंट म्हणाला, काम चोख केलंस तर या मोसमातल्या आणखी पाच स्पर्धा तुलाच.

थोडक्यात, सगळ्यांच्या पुढे धावायला त्यांनी मला निवडलंय.

भाऊजींना फोन. म्हणाले, पाच स्पर्धा मिळाल्या तर धरतो मी ते काम. शब्दाचे पक्के आहेत.

१८ मार्च
एक विचार डोक्यातून जात नाही. सहाशे मीटरला मी पहिला असणार. नियमाप्रमाणे मी स्पर्धक. ट्रॅक सोडलाच पाहिजे असं नियमात कुठेही नाही. मग सोडायचा कशाला? फक्त दोनशे मीटर तर राहतात. पेसरनं न थांबता शर्यत मारली, असं पूर्वी झालंय म्हणतात.

कोणाला सांगायचं नाही. सरांनाही नाही.

२० मार्च
सहाशे मीटरचा सराव. छान. त्यापुढच्या दोनशेचा सराव मुद्दाम केला नाही. ती ताकद राखून ठेवायची.

२३ मार्च
साखर बंद. (दुपारची बिस्किटं धरली नाहीत. ती पातळ होती.)

रात्री आईला विजयानंतरच्या मुलाखतीची उत्तरं म्हणून दाखवली. ती भांडी पुसत होती. म्हणाली, पी हळद अन् हो गोरी. मग जवळ येऊन विचारलं, तुला फार दमल्यासारखं होतं का रे हल्ली? मी नाही म्हटलं. होतं. सकाळी बूट बांधतानाच होतं.

२६ मार्च, हॉटेल
खोली चांगली. खिडकीतून स्टेडियमचे दिवे दिसतात. लिफ्टमध्ये चॅम्पियन भेटला. त्याचे पाय माझ्या बरगड्यांपासून सुरू होतात. हात मिळवून म्हणाला, उद्या तुझ्यावर भिस्त आहे. बिचारा. मला जरा वाईट वाटलं त्याच्यासाठी.

सर स्वखर्चानं आलेत, गाडीत सात तास बसून. म्हणाले, उद्या डोकं शांत ठेव, जेवढं ठरलंय तेवढंच कर. मी मान हलवली.

२७ मार्च, रात्री
आज लिहीत नाही.

२८ मार्च
सुटलो ते सुसाट. पहिली फेरी साडेएकोणपन्नासमध्ये. मागे कोणाच्या बुटांचा आवाज नाही. वाटलं, यांना झेपत नाहीये. (एवढ्या वेगाच्या मागे जायचं नाही, हे त्यांना कळत होतं. नंतर कळलं.) सहाशेलाही पुढे मीच. लोक ओरडत होते, मला वाटलं माझ्यासाठी. एक अधिकारी गवताकडे हात करत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

साडेसहाशेला पाय संपले. दमणं वेगळं, हे वेगळं. गुडघे उचलेनात. सगळ्यात आतली लेन अडवून मी जवळजवळ चालत होतो, त्यामुळे चॅम्पियनला बाहेरून वळसा घ्यावा लागला. त्याचं रेकॉर्ड पंधरा शतांश सेकंदांनी हुकलं. मग बाकीचे नऊ जण गेले.

तरी मी रेषा ओलांडली. शेवटचा, पण ओलांडली.

एजंट आला. मी म्हटलं, वारा होता. तो म्हणाला, सगळ्यांना होता. पाच स्पर्धांचं विचारलं. त्यानं माझ्या छातीवरचा नंबर स्वतःच्या हातानं काढून घेतला आणि गेला.

२९ मार्च
निकालपत्रक आलं. माझ्यापुढे लिहिलंय: शर्यत अपूर्ण. फोन करून सांगितलं की मी पूर्ण केलीय, टीव्हीवर बघा. पलीकडची बाई म्हणाली, पेसरसमोर ते आधीच छापलेलं असतं. तुमची वेळ घेतलेलीच नाही.

३१ मार्च, संध्याकाळी
निदान सरांनी तरी माझी वेळ घेतली असेल, म्हणून त्यांच्या घरी गेलो. शेवटचा आलो तरी एक आकडा तर हवा. सरांनी कपाटातून स्टॉपवॉच काढलं. म्हणाले, सहाशेलाच बंद केलं होतं मी. तू बाहेर पडशील असंच धरून चाललो होतो.

काटा तिथेच होता. एक मिनिट सतरा. बरोब्बर सतरा, एजंटनं मागितलं होतं तेवढंच. पहिली फेरी नको तेवढी जोरात धावूनसुद्धा. सर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा तू प्रोफेशनलसारखा धावलास, आणि डावीकडे एक पाऊल टाकायचं होतंस. दैव देतं आणि कर्म नेतं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मला रडू आलं. सर चहा टाकायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

घरी येऊन भाऊजींना फोन केला. उद्या येतो म्हटलं. ते म्हणाले, नऊला ये, आणि खुर्चीवर उशी ठेवलीय.