राखेच्या पाण्यात धुतलेली किरणं

प्रिय टेना,

सकाळपासून हा कागद समोर घेऊन बसतोय आणि उठतोय. कुंपणापर्यंत जातो, बांधावर चढून नदी जागच्या जागी आहे ना ते बघतो आणि परत येतो. गेल्या वर्षीच्या पुरानंतर जडलेली ही खोड. तुझी आई म्हणते, "शिमा, नदीवर पहारा देतोस की माझ्यापासून पळतोस?" मी टोपी घालून पुन्हा बांधाकडे निघतो. साखर कारखान्याच्या फाटकावर उभं राहून ज्याने जन्मभर भाषणं ठोकली, त्याला घरात उत्तर सुचत नाही, हे तुला खरं वाटणार नाही.

घराच्या भिंती अजून ओल्या आहेत. चुना लावला की आठवड्यात फुगतो. आलुबुखारे मात्र यंदा फांद्या मोडतील इतके आलेत. पुराचा गाळ झाडांना मानवला, माणसांना नाही. शेजारच्या मांडाकाकूची गाय व्याली. आणि गुत्त्यात ज्युका अजून तसाच आहे. परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "शिमा, तुझ्या पोरीने आमच्या बायकांचे परकर अणूच्या भट्टीत भाजून आणले. बरंच झालं म्हणा, आता अंधारात बायको सापडते." लोक हसले. मीही आधी हसलो. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "हसू नका, मांडाच्या आईची चादर गेली त्यात," आणि सगळे एकदम गप्प झाले. टेना, त्या गप्प बसण्याचा मला राग येतो. शिवीला उत्तर देता येतं. गप्प माणसांपुढे काय बोलणार?

मी मूठ आपटली. विचारलं, पाणी ओसरल्यावर तुमच्या पेट्या उघडल्या तेव्हा आत काय होतं? आज्यांनी विणलेल्या कापडावर बोटभर काळी बुरशी. म्युझियमवाले आले, फोटो काढून गेले. सरकार आलं, हात हलवून गेलं. गाडी घेऊन कोण आलं? माझी मुलगी आली. झाग्रेबच्या आपल्या प्रयोगशाळेत सगळ्या पेट्या नेल्या, अणूची किरणं देऊन बुरशी मारली आणि घडीसुद्धा न विसकटता परत आणल्या. असं बरंच बोललो. ज्युकाने आपला पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "पी. बोललास छान. चादर काय परत येणार आहे?"

तू अंगणात बायकांना समजावून सांगितलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. आपल्या कापडातला जवसाचा धागा म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. बुरशी ती साखर खाते. किरणं बुरशीला मारतात, पण जाता जाता साखळीचे थोडे दुवेही तोडतात. कापड दिसायला धड, पण आतून हळवं होतं. म्हणून यापुढे धुवायला राखेचं पाणी नको, वाळवायला ऊन नको, अंधारात कोरडं ठेवा. मला अभिमान वाटला. जन्मभर साखरेच्या धुरात राबलो, पण साखर अंगावर घालतात हे मला माझ्या मुलीने सांगितलं. बायकांनी चर्चमध्ये डोलावतात तशा माना डोलावल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. चर्चमध्ये माना डोलावून त्या घरी काय करतात, हे मी जन्मभर बघत आलोय.

कापड परत आलं ते किंचित पिवळं होतं आणि त्याला जळल्यासारखा बारीकसा वास होता. आईने आजीचा तो सदरा, लाल भरतकामाच्या गळ्याचा, नाकाला लावला आणि बाजूला ठेवला. त्याच सदऱ्यात तिचं लग्न झालं. मेल्यावर त्यातच पुरायचं, हेही तिने कधीच सांगून ठेवलंय. मांडाकाकूला म्हणाली, "पिवळा सदरा घालून आईसमोर कोणत्या तोंडानं जाऊ? म्हणेल, रेझा, तुला धुवायलासुद्धा शिकवलं नव्हतं का मी?" मांडाकाकूने विचारलं, "आणि ती किरणं?" तर तुझी आई म्हणाली, "किरणं म्हणजे मळच. दिसत नाही एवढंच. न दिसणारा मळ राखेच्या पाण्याशिवाय निघत नाही."

गावात कापड पांढरं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, हे तुला माहीत आहे. तिने सांगितलं आणि बायकांनी ऐकलं. बीच झाडाच्या लाकडाची राख चाळली, कढया चढल्या. मग सगळं कापड उन्हाने पांढरं व्हावं म्हणून ओलंच कुरणावर अंथरलं. दिवसभर वरून पाणी शिंपडत होत्या, गाणी म्हणत होत्या. मी बांधावरून बघत होतो. पुरानंतर पहिल्यांदाच गाव गाव वाटलं. तेव्हा मी का ओरडलो नाही, असं विचारू नकोस. मलाही ते सुंदर दिसत होतं.

दुसऱ्या धुण्याला मांडाकाकूच्या हातात तिच्या आईच्या चादरीचे दोन भाग आले. मग तुझ्या आईने सदरा पिळला. आवाज झाला नाही. ओल्या भाकरीसारखा तुटला. बायका धावत आल्या आणि कोणीतरी म्हणालं, "अणूने खाल्लं." तेच गावभर झालं.

तू फोनवर म्हणालीस, "बाबा, तुम्ही पाठवलेली चिंधी मी तपासली. किरणं सोसून कापड टिकलं असतं. राखेने आणि उन्हाने मोडलं. संत इलियाच्या सणाला येते, गावच्या सभागृहात सगळ्यांसमोर दाखवते." मी म्हणालो, ये, मी तुझ्या शेजारी उभा राहतो. फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. सुरुवातही आणि शेवटही. खरं ते चौकात सांगावं, हेच तर मी तुला शिकवलं.

त्याच संध्याकाळी आई ओट्यावर चिंध्या मांडीवर घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, "शिमा, राखेनेच झालं ना?" मी तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलं होतं. मांडाला मीच सांगितलं होतं." आणि मी, ज्याने मालकापुढे आणि पोलिसापुढे एक शब्द कधी फिरवला नाही, तो मी म्हणालो, "नाही गं. किरणांनीच झालं." तिने मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्या रात्री ती नीट जेवली.

आता का लिहितोय ते सांगतो. परवा डॉक्टरने मला दाराबाहेर बोलावलं. आईचं हृदय पुरातच थकलं होतं, आता फार दिवस ओढणार नाही. तिला हे माहीत नाही, किंवा आहे आणि ती मला सांगत नाही. म्हणून टेना, सणाला ये, पण ते तपासणीचे कागद घरी ठेवून ये. लोकांच्या पेट्यांची काळजी करू नकोस. भीतीने आता कोणी त्यांना हात लावत नाही, सगळ्या अंधारात कोरड्या पडून आहेत. तुझ्या सूचना शेवटी अशा पाळल्या गेल्या. आई तुला विचारेल. माझ्या भाषणांवर तिचा कधीच विश्वास नव्हता, तुझ्यावर आहे. तू म्हणाली होतीस, थोडे दुवे किरणंही तोडतात. ते थोडे तिला सांग, बाकीचे सांगू नकोस. ती आहे तोवर गाव तुला नावं ठेवील, ज्युका विनोद करील आणि मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. हे मी मागतोय तुझ्याकडे. ती गेली की त्याच सभागृहात उभा राहून सगळं सांगेन, माझं खोटंही. सदऱ्याचा भरतकामाचा गळा तेवढा शाबूत आहे. तो ती नव्या कापडाला जोडणार आहे. येताना कोरं जवसाचं कापड आण, सदऱ्यापुरतं. नव्या कापडाला राख चालते, हे तूच सांगितलं होतंस. ते पांढरं कसं करायचं, हे मात्र तिला शिकवू नकोस. ते तिला येतं.

बांधावरून तुझी वाट बघणारा,
तुझाच बाबा