सदर पूल कोठे आहे?

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि तुझ्या तारांकित प्रश्न क्रमांक चारशे बाराला साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? सभागृहाच्या पायऱ्या चढताना कठडा धरतेस ना? (धरत नाहीस. परवा मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून पाहिलं. एका हातात कागदांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात चष्मा, आणि कठडा बिचारा वाट बघत उभा.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या भाचेसुनेचा खोकला गेला, माझा नुकताच आला आहे. तो कुठून आला ते पुढे ओघात येईलच.

एका गावात राहून पत्र का, असं तू विचारशील. (तू विचारणारच. विचारल्याशिवाय तुला घास गिळत नाही.) घरात खात्याचं नाव काढायचं नाही, हा नियम तूच निवडून आलीस त्या संध्याकाळी केलास, आणि तो मी आजवर पाळला आहे. तू प्रश्न विचारणारी आमदार आणि मी त्याच प्रश्नांची उत्तरं लिहिणारा कारकून, हे नातं खात्यात कुणालाही ठाऊक नाही, कारण आपली आडनावं वेगळी. तुझा प्रश्न आला की साहेब कपाळाला हात लावून म्हणतात, ‘त्या बाईंचा आला,’ आणि मीही मान हलवून म्हणतो, ‘फारच बाई त्रास.’ मनात मात्र म्हणतो, अहो, यांनी मला परवचा शिकवला आहे, तुमचं काय घेऊन बसलात! पण नियम तोंडी बोलण्याचा आहे, लिहिण्याचा नाही, अशी पळवाट मी काढली आहे. सव्वीस वर्षं उत्तरं लिहून माणूस दुसरं काय शिकणार?

आमच्या कामाची रीत तुला वरून दिसते, आतून नाही. तुझा प्रश्न ‘हे खरे आहे काय? असल्यास केव्हा? नसल्यास विलंबाची कारणे काय?’ असा तीन पायांवर उभा असतो. आमच्याकडे त्याला ठरलेली तीन उत्तरं असतात. ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. यातलं तिसरं मी इतकं सफाईनं वापरतो की खात्यात माझं नावच ‘उद्भवत नाही’ पडलं आहे. (घरीही तेच. परवा तुझ्या भाचेसुनेनं विचारलं, गॅसचा नंबर लावून ठेवला होतात का, आणि ठेवला नसल्यास का नाही. मी सवयीनं उत्तर दिलं. दोन दिवस चहा उद्भवला नाही.) पण खरं सांगू का, ही तीन पायांची घोडी मला नोकरीत नव्हे, तुझ्या स्वयंपाकघरात भेटली. मी नऊ वर्षांचा असताना साखरेची काचेची बरणी फुटली, तेव्हा तू कमरेवर हात ठेवून हेच विचारलंस. ‘तू फोडलीस का? असल्यास का? नसल्यास कुणी?’ मी सांगितलं, मांजरानं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, एकदा मांजराकडे पाहिलंस, आणि आठवड्याच्या आत ते मांजर दूधवाल्याच्या घरी पोचलं. तसं ते द्वाडच होतं. जाऊ दे, विषय तो नाही.

विषय चारशे बारा. ओढ्यापलीकडच्या वस्तीला जोडणारा पादचारी पूल पूर्ण झाल्याचं खात्यानं वेळोवेळी कळवलं आहे, हे खरे आहे काय? असल्यास, सदर पूल कोठे आहे? नसल्यास, त्याचा निधी कोणी लाटला? आत्या, या दुसऱ्या भागानं आमच्या मजल्यावर जो हलकल्लोळ केला तो तू पाहायला हवा होतास. ‘केव्हा’ विचारलं तर आमच्याकडे ‘लवकरच’ आहे. ‘का नाही’ विचारलं तर ‘तांत्रिक कारणास्तव’ आहे. ‘कोण’ विचारलं तर ‘चौकशी सुरू आहे’. पण ‘कोठे’ असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं तयार वाक्यच नाही. प्रश्न रीतीप्रमाणे सहा टेबलं खाली उतरला. प्रत्येक टेबलानं खालच्या टेबलाला विचारलं. सर्वांत खालच्या टेबलानं काय केलं असेल? त्यानं कपाटातून मागच्या अधिवेशनातलं उत्तर काढलं, ‘पूल पूर्ण असून वाहतुकीस खुला आहे’ असं उतरवून घेतलं आणि ते सहा टेबलं चढून माझ्याकडे परत आलं. मागच्या अधिवेशनात मी ते त्याच्या मागच्या उत्तरावरून लिहिलं होतं. म्हणजे उत्तर शोधायचं तर आम्ही उत्तरातच शोधतो. पुलाच्या वार्षिक तपासणीच्या यादीतही तो दरवर्षी आहे. ‘तडे नाहीत, कठडे सुस्थितीत.’ (तडे नाहीत हे अगदी खरं निघालं.)

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती दातात अडकलेल्या तंतूसारखी छळते. जीभ सारखी तिथेच. सदर पूल कोठे आहे? जेवताना तेच, आंघोळीला तेच. शेवटी मी पोटदुखीची रजा टाकली आणि बघायला गेलो. सव्वीस वर्षांत मी हजारो रस्ते, विहिरी, दवाखाने पूर्ण केले, पण त्यातलं एकही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, हे बसमध्ये बसल्यावर माझ्या ध्यानात आलं आणि मला पहिल्याच दिवशी शाळेत जाणाऱ्या पोरासारखी उत्सुकता वाटायला लागली.

बस जिथे वळून परत फिरते तिथून कच्ची वाट. वाटेच्या तोंडाशी आमच्या खात्याची निळी पाटी, ‘पुलाकडे’, आणि बाण. पाटी पाहून माझा ऊर भरून आला. म्हटलं, आहे बुवा, उगाच संशय घेतला! बाणाच्या दिशेनं अर्धा तास चाललो तर समोर ओढा. पाटी होती, बाण होता, ओढा होता. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, (हसू नकोस) वाकून पाण्यातही पाहिलं. तेवढ्यात मागून वस्तीवरच्या नर्सबाई आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ. चपला पिशवीत, लशींची पेटी डोक्यावर. मी विचारलं, बाई, इथला पूल कुठे आहे? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, ‘पूल झालाय की. माझ्याकडे कागद आहे.’ आणि त्या पाण्यात उतरल्या. मीही मागोमाग उतरलो, कारण मला तो कागद पाहायचा होता. तिसऱ्या दगडावर माझा पाय सटकला आणि मी चष्म्यासकट आडवा झालो. नर्सबाईंनी एका हातानं पेटी सांभाळत दुसऱ्या हातानं मला कॉलरला धरून बाहेर काढलं. (खोकल्याचा उगम तो हा.)

कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्याच्या भिंतीला टाचून ठेवला आहे. त्या दरवर्षी अर्ज करतात, आणि दरवर्षी खातं कळवतं की पूल पूर्ण झाला आहे, तरी त्याचा वापर करावा. असे नऊ कागद. त्यातल्या सहांचा मसुदा माझा. ‘त्याचा वापर करावा’ हे शब्द माझे, आत्या. लिहिताना मला ते सौजन्याचे वाटले होते. मी ओल्या कपड्यांत चहा पीत बसलो होतो आणि त्या सुया मोजता मोजता सांगत होत्या की मागच्या वर्षी पाणी चढलं तेव्हा वस्तीवरची एक बाई अडली होती, आणि त्या स्वतः ओढ्याच्या अलीकडे, पेटी घेऊन, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभ्या होत्या. बाई वाचली, मूलही वाचलं. पण हे सांगताना नर्सबाईंनी सुयांवरून नजर वर केली नाही. मी कुठल्या खात्यातला हे सांगायला मी तोंड उघडलं आणि खोकला आला असं दाखवलं. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

परत आलो तो संतापून. कुणीतरी हा पूल खाल्ला आहे, त्याला शोधायचाच. (तूही त्याच्याच मागावर आहेस, तुझ्या प्रश्नाच्या तिसऱ्या भागावरून कळतं.) जुन्या दफ्तरात तीन दिवस शिंकत बसलो. मागचं उत्तर, त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. शेवटी अकरा वर्षांपूर्वीचं पहिलं उत्तर सापडलं. त्या दिवशी एकाच कागदावर दोन प्रश्न होते. वरचा बाजारगावच्या पुलाचा, जो खरोखर बांधून झाला होता. उत्तर, ‘पूल पूर्ण असून वाहतुकीस खुला आहे.’ खालचा या ओढ्याचा. त्याची माहिती खालून आलेली नव्हती, म्हणून कुणीतरी तात्पुरतं, जागा अडवण्यापुरतं, लिहून ठेवलं होतं, ‘वरीलप्रमाणे’. मग बहुधा जेवणाची सुट्टी झाली. माहिती आली तेव्हा कागद छापखान्यात गेलेला. पूल झालाच आहे म्हटल्यावर त्याची मंजुरीही रद्द झाली. आत्या, कुणी काही खाल्लं नाही. एका शब्दावर अकरा वर्षं पूल उभा आहे, आणि त्या शब्दाचं अक्षर मी लगेच ओळखलं. असा गाठाळलेला ‘व’ खात्यात एकाच माणसाचा आहे. तो तूच पाटीवर गिरवून घेतला होतास.

मी उठलो आणि साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. साहेब तसे भले गृहस्थ. त्यांनी खिडकी लावली, दार लावलं, आणि म्हणाले, ‘हे तुम्ही मला सांगितलेलं नाही.’ मी नवा मसुदा लिहिला. ‘पूल अस्तित्वात नाही.’ साहेबांनी तो ‘अंशतः अस्तित्वात आहे’ असा केला. (कुठला अंश, हे विचारल्यावर ते पाटी म्हणाले.) त्यांच्या वरच्यांनी अंशतः खोडलं. अकरा वर्षं सभागृहाला चुकीचं सांगितलं असं कबूल करणारं खातं अजून जन्माला यायचं आहे. तेव्हा गुरुवारी मंत्रिमहोदय उभे राहून तुला काय वाचून दाखवणार ते आत्ताच सांगतो. ‘पूल पूर्ण असून वाहतुकीस खुला आहे. सदर पूल ओढ्यावर आहे.’ खाली मसुदा करणारा म्हणून सही माझी. माझ्या निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत, आणि उद्भवत नाही हे नाव मला पहिल्यांदाच बोचतं आहे.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्यांना जप. कठडा धरत जा. ज्यांना आहे त्यांनी तरी धरावा.

तुझा,
भाचा

ता. क. : पत्राबरोबर गुडघ्यांच्या तेलाची बाटली पाठवली आहे. कोमट करून लावायचं. तेलासाठीच मुद्दाम पत्र लिहिलं, एरवी काही काम नव्हतं.

दुसरा ता. क. : काम आहे. लेखी उत्तर वरच्या टेबलांवर खोडलं जातं, पण सभागृहात आयत्या वेळी उपप्रश्न आला की मंत्री मागे वळून गॅलरीकडे बघतात, आणि उत्तराची चिठ्ठी मी लिहून देतो. तेव्हा इतकी धांदल असते की साहेब ती वाचत नाहीत, नुसती घडी घालून पुढे देतात, आणि मंत्री ती जशीच्या तशी वाचतात. माझं लिहिलेलं कुणी न खोडता पोचेल अशी सगळ्या राज्यकारभारात तेवढी एकच जागा आहे. म्हणून गुरुवारी उत्तर ऐकून खाली बसू नकोस. विचार, की पूल पूर्ण झाल्याचं प्रथम कोणी लिहिलं, आणि तो माणूस तिथे जाऊन आला आहे काय? चिठ्ठी माझ्या खिशात तयार आहे. तिच्यात वस्ती आहे, नर्सबाईंचे नऊ कागद आहेत आणि शेवटी माझं नाव आहे. मग माझं जे व्हायचं ते होवो. भाचा म्हणून मला वाचवू नकोस, आणि विचारताना गॅलरीकडे पाहूही नकोस. तू पाहिलंस की मी अजून नऊ वर्षांचा होतो.

तिसरा ता. क. : तू विचारशील की नाही, या धास्तीनं झोप नाही, म्हणून हेही लिहून टाकतो. साखरेच्या बरणीबाबत. (१) मांजराने फोडली, हे खरे नाही. (२) मी फोडली. (३) विलंबाचे कारण : तू उपप्रश्न विचारला नाहीस.