सान्ता रोसालियाच्या चौकटीत बाबा

२१ जून
आमचा जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडीने हात काकडलेत! कोळ्यांच्या संताचा, सान पेद्रोचा सण आठ दिवसांवर आला, आणि आमच्या बंदरातल्या बोटी-खलाशांच्या फोटोंचं वेबपान फोनवर अजून विस्कटतंय – खलाशी एकीकडे, बोट भलतीकडे. आज बारा ओळींचं जावास्क्रिप्ट लिहिलं. बोटीचं नाव दिसलं की नवी चौकट उघडायची, पुढचं नाव येईपर्यंतचे सगळे फोटो तिच्यात घालायचे. चालवलं, आणि सदतीस बोटी आपापली माणसं घेऊन गुमान उभ्या राहिल्या. एकटीच हसले. लगेच बंदराच्या ग्रुपवर पाठवून दिलं.

२२ जून
आईने बराच वेळ फोन न्याहाळला. मग म्हणाली, "यास्ना, तुझा बाप एर्मोखेनेसच्या बोटीत काय करतोय?"

बुडालेल्या बोटीचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, लिहिणं तर दूरच. बाबा बोटीसकट बुडाले, म्हणून त्यांचा नुसता फोटो ठेवला होता मी, एर्मोखेनेसकाकांच्या 'सान्ता रोसालिया'नंतर. कोडला काय कळतंय! नाव दिसलं नाही, घातलं शेजाऱ्याच्या चौकटीत.

आई चहा अर्धा टाकून उठली.

२३ जून
आई आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात जेवली.

२५ जून
बिननावाची चौकट करून पाहिली. बाबांबरोबर गेलेले तिघे परगावचे, त्यांचे फोटो नाहीत. बाबा एकटेच – कुणीतरी परका माणूस वाटतात. बघवेना. चौकट काढून टाकली.

२७ जून
आई पावाचं पीठ मळत होती. माझ्याकडे न बघता बाबांच्या बोटीचं नाव उच्चारलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! "लिही," म्हणाली. "माणसाला स्वतःची जागा तरी असू दे."

लिहिलं. बाबा आपल्या चौकटीत गेले. इथे वहीत मात्र ते नाव लिहायला हात धजत नाही.

२९ जून
सण छान झाला. सान पेद्रोची मूर्ती बोटीतून समुद्रावर फिरवून आणली. आई शेजारणींना फोन उघडून दाखवत होती. किती हलकं वाटलं मला.

३० जून
चहाच्या वेळी एर्मोखेनेसकाका दारात, टोपी हातात. "पोरी, बापाला माझ्या बोटीतून काढलंस होय? होता तिथे तर बरं वाटत होतं."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"त्या पहाटे तो माझ्याच बोटीत चढला होता," म्हणाले. "माझ्या पोराला जागा हवी होती. मीच त्याला उतरवून त्या दुसरीवर धाडला."

आत आई भांडी विसळत होती. पाण्याचा आवाज थांबला.