कुजबुज धरायची नाही

४ मार्च
डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून लेझरने घशातला कॅन्सर जाळला. बाहेरून एक टाका नाही. वेळेत आलात, म्हणाले. शंभरातले नव्वद बरे होतात. म्हणजे तो प्रश्न मिटला. राहिला आवाज. धाकट्या जाऊचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी केलं. तिचा आवाज घंटेसारखा आला, असं जो तो सांगतो. माझा तिच्याहून चांगला येणार.
सात दिवस बोलायचं नाही. म्हणून ही वही.

५ मार्च, सकाळी आठ
जाऊचा फोन. मला ऐकू यावं म्हणून ह्यांनी स्पीकरवर टाकला. ताई, मी दहा दिवस चकार शब्द काढला नव्हता, म्हणाली. मी बारा दिवस काढणार नाही.

५ मार्च, साडेआठ
सुनेने दूध उतू घालवलं. बोलले नाही. नुसती कुजबुजले. कुजबुज धरायची नाही.

७ मार्च
पाण्याच्या मोटारीवरून शेजारणीशी कुजबुजत भांडले. तीही कुजबुजायला लागली. मी जिंकले.

९ मार्च
जाऊचा फोन रोज सकाळी आठलाच. लोकांच्या हातात चहाचा कप, आणि ही गळा मिरवते. हे म्हणाले, हिचा आवाज खुलला नाही का गं? चाळीस वर्षांत माझं काही खुललेलं ह्यांना दिसलं नाही.

१२ मार्च
तपासणी. जखम भरतेय. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, आजी, बोलला नाहीत ना? मी मान हलवली. सुनेने सगळं ओकून टाकलं. कुजबुजण्याने घशाला बोलण्याहून जास्त ताण पडतो म्हणे! आधी सांगायला काय झालं होतं? सून म्हणते, कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी पिठाच्या डब्याखाली घातलाय. डबा डुगडुगत होता.

२ जून
कॅन्सरचा मागमूस नाही. डॉक्टर खूश. आवाज थोडा घोगरा राहील म्हणाले. जाऊचा कसा नाही राहिला? प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणाले. असेना. पण वेगळं म्हणजे चांगलं ते नेमकं तिच्याच वाट्याला?
उद्यापासून व्यायाम दुप्पट.

३ जून, संध्याकाळी सहा
व्यायाम राहिला. पाहुणे होते.
फोन वाजला. हे आंघोळीला. मी चष्मा न लावताच उचलून खणखणीत हॅलो म्हटलं. पलीकडे कुणी घोगरा म्हातारा. म्हणाला, भावजी, तुम्हीच उचललात, बरं झालं. ताईंचं काय म्हणाले डॉक्टर?
जाऊ!
सगळं स्वच्छ आहे, म्हटलं. तिने नाक ओढलं. सर्दी असेल. मग म्हणाली, दुपारनंतर माझा आवाज असाच बसतो, म्हणून मी सकाळीच फोन करते. आज राहवलं नाही. ताईंना सांगू नका हं, हसतील मला.
नाही सांगणार, म्हटलं मी. भावजींच्या आवाजात.