दादाची स्लाइड

३ मार्च

सर्जनसाहेब आज परत म्हणाले, "गर्भातली जनुकं घेऊन काय बसलीस? माझे पेशंट साठीचे आहेत!" बोलू देत. मला पक्कं ठाऊक आहे. पोटातल्या बाळाचा जबडा, जीभ, टाळू घडवणारं हे जनुक काम संपलं की झोपी जातं, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये परत उठतं. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं — डोळ्यांना काही दिसायच्या आधीच ते उठतं! मग लवकर पकडता येईल, कुणाचा अर्धा जबडा काढायची पाळी येणार नाही. संशोधन समितीनं हो म्हटलं की चाचण्या सुरू. आणि म्हणणारच!

५ मार्च

तुलनेला धडधाकट माणसाच्या पेशी हव्यात. आमच्या लॅबची जुनी सवय — घरच्यांना राबवायचं. दादाला धरलं, जिभेच्या कडेवरून ब्रश फिरवला. "लहानपणी वेडावून दाखवायचीस, आता जीभच खरवडतेस!" नंतर चहा होईपर्यंत कुरकुरत होता. नाटकी मेला.

८ मार्च

पेशंटच्या स्लाइड झकास! जनुक जागं असेल तिथे रंग तपकिरी होतो. सगळ्या तपकिरी! साहेबांना या म्हणावं बघायला.

पण दादाचीही तपकिरी. शी! ती कोरी निघायला हवी. आमच्या टेक्निशियनला — सगळे त्याला घाईबाबाच म्हणतात — चांगला फैलावर घेतला. "रंग नीट धुतला नसशील." "धुतला हो मॅडम, शप्पथ!" तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. पण चूक ती चूक.

९ मार्च

दादाची स्लाइड कचऱ्यात. माझीच जीभ खरवडली, कोरी निघाली. सुटले.

१४ मार्च

जिंकले! समितीचा होकार!!

सर्जनसाहेब शेवटपर्यंत आडवे. "दिसायला अगदी निरोगी अशा तोंडात हे जनुक जागं झालेलं एकदा तरी पाहिलंयस?"

"अजून नाही. पण सापडेल!" ठणकावून सांगितलं. सगळे हसले, साहेबसुद्धा. जाताना म्हणाले, "खमकी आहेस." घाईबाबा तर नाचायचाच बाकी होता. घरी आले तर दादानं दारातच विचारलं, "काय मग, झाली का मोठी शास्त्रज्ञ?" गालगुच्चा घेतला त्याचा. आज मला कुणी हात लावू शकत नाही.

१५ मार्च

पाहिलं होतं. मीच.

दात घासताना एकदम लक्षात आलं — कचऱ्यात टाकलेली दादाची तपकिरी स्लाइड! दादाला खिडकीपाशी बसवलं, जीभ उचलून टॉर्च मारला. पार मागे, खालच्या बाजूला — लालभडक डाग, नखाएवढा.

"दुखतं का रे?"

"छे! काय आहे तिथं?"